चुचकार: एका आवाजाची कुळकथा

माळेगावच्या यात्रेत मी कुत्री बघायला गेलो होतो. परत येताना डोक्यात एकच शब्द घोळत होता, आणि तो अजून घोळतो आहे.

नांदेड जिल्ह्याच्या लोहा तालुक्यातलं हे माळेगाव खंडोबाचं. मार्गशीर्षातल्या यात्रेत घोड्यांचा, गाढवांचा बाजार भरतो, आणि अश्व, श्वान व कुक्कुट प्रदर्शनही असतं. कुत्र्यांत मान कारवानीचा. लांब तोंड, पाठीला टेकलेलं पोट, सडपातळ पाय. लातूर जिल्ह्यात चाकूर तालुक्यातलं जानवळ तर या कुत्र्यांसाठीच ओळखलं जातं.

प्रदर्शनाच्या कडेला एका म्हाताऱ्याजवळ वर्षभराची कारवानी कुत्री होती. हलगी वाजली की ती दाव्याला हिसके द्यायची, भुंकायची, पाय रोवून मागं सरायची. शेजारचा एकजण तिच्यावर खेकसला, "हाड! गप!" कुत्री आणखी बिथरली. म्हातारा काही बोलला नाही. तिला घेऊन तो पन्नासेक पावलं लांब गेला आणि उकिडवा बसला. हलगी तिथंही ऐकू येत होती, पण मंद. कुत्रीनं कान टवकारले, आवाजाकडे पाहिलं आणि दावं न ओढता क्षणभर उभी राहिली. नेमका तोच क्षण पकडून म्हाताऱ्यानं ओठ आवळून "च्च्" असा आवाज काढला आणि भाकरीचा तुकडा तिच्या तोंडाशी धरला. पुन्हा हलगी, पुन्हा "च्च्", पुन्हा तुकडा. पाच-सहा तुकडे झाले की दोन-चार पावलं पुढं. अर्ध्या तासानं ती कुत्री हलगीपासून दहा पावलांवर शेपूट सैल सोडून बसली होती.

"मामा, हे कुठं शिकलात?" मी विचारलं.

"त्यात शिकायचं काय भाऊ? लेकराला चुचकारतो तसंच. हाड म्हणलं की अंग आखडतंय बघा तिचं."

तिथून निघालो तो खेळण्यांच्या पालांपाशी आलो. एक पोरगं पत्र्याचा बेडूक दाबून टिक-टॅक, टिक-टॅक वाजवत होतं. मी जागीच थांबलो. कुत्र्यांना मारहाण न करता शिकवण्याची जी विद्या आज जगभर चालते, तिचं एक ठळक हत्यार म्हणजे क्लिकर, दाबलं की टिक वाजणारी डबी. तो जन्माला आला तो अशाच पत्र्याच्या खेळण्यातून. आणि जे काम तो बेडूक करतो, तेच काम मामांचे ओठ करत होते.

क्लिकरची माहीत असलेली कथा थोडक्यात सांगतो. शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हनं रशियात दाखवलं की जेवणाआधी रोज एकच खूण केली, तर नुसत्या त्या खुणेनंही कुत्र्याला लाळ सुटते. मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइकनं 1898 साली मांजरांना पेटीत ठेवून दाखवलं की ज्या कृतीचं फळ गोड, ती कृती टिकते. तरीही पुढची कित्येक वर्षं कुत्र्यांचं शिक्षण दाव्याच्या हिसक्यावरच चाललं. जर्मनीत कोनराड मोस्ट याच्या 1910 च्या पुस्तकानं ते वळण पक्कं केलं. मग मानसशास्त्रज्ञ स्किनर आला. त्याचे शिष्य केलर आणि मॅरियन ब्रेलंड यांनी 1940 च्या दशकात हे ज्ञान प्रयोगशाळेबाहेर आणलं. खुद्द स्किनरनं 1951 साली 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात लिहिलं, की बाजारातलं टिकटिक वाजणारं खेळणं घ्या, आवाजापाठोपाठ खाऊ द्या, कुत्रं शिकतं. पुढं डॉल्फिनना शिट्टीवर शिकवणाऱ्या कॅरन प्रायर यांनी 1984 च्या आपल्या पुस्तकातून ही रीत घराघरांत नेली.

सगळ्या कथेचा गाभा एवढाच: आवाज म्हणजे "हे बरोबर" असा निरोप, आणि निरोपामागून खाऊ. आता आपल्या शब्दाकडे वळू.

'चुचकारणे' हे क्रियापद मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात आहे, म्हणजे एकोणिसाव्या शतकात ते चांगलंच रुळलेलं होतं. लेकराला चुचकारतात, बैलाला चुचकारतात, रुसलेल्याला चुचकारून घेतात. पण ते आलं कुठून?

एक मत असं, की संस्कृतात 'चूचुक' म्हणजे स्तनाग्र, आणि दूध पिणाऱ्या पिल्लाच्या ओठांचा आवाज तोच चुचकार. मत मोहक आहे. मलाही बरेच दिवस ते पटत होतं. पण त्याला आडवा येतो हिंदीचा 'पुचकारना'. अर्थ तोच, रीत तीच, पण सुरुवात 'प'नं. शब्द चूचुकातून निघाला असता, तर पहिल्या 'च'चा 'प' होण्याला काही कारण नव्हतं. 'हुंकार', 'फूत्कार', 'धिक्कार' यांच्या रांगेत 'चुचकार' बसवून बघा. मुखातून निघालेला आवाज आणि त्यापुढं 'कार'. हाच धागा मला पक्का वाटतो. ज्याच्या कानाला तो आवाज 'चुच' वाटला त्यानं चुचकारलं, ज्याला 'पुच' वाटला त्यानं पुचकारलं. दोघांनीही ओठ आवळून हवा आत ओढली, एवढं नक्की.

याचाच चुलतभाऊ घरात आहे: 'चुकचुकणे'. पाल चुकचुकते, दुःखाची बातमी ऐकून माणूस चुकचुकतो. तिथं जीभ दातांमागं आपटते, चुचकारताना ओठ आवळतात. दोन्हींत हवा आत ओढली जाते, बाहेर टाकली जात नाही. मराठीच्या वर्णमालेत या आवाजांना अक्षर नाही. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडच्या झुलू, खोसा भाषांत मात्र जिभेचे असे आवाज चक्क व्यंजनं आहेत. आपण ते बोलण्यात घेतले नाहीत, जनावरांसाठी आणि लेकरांसाठी राखून ठेवले. आवाज आत ओढलेला असल्यामुळे त्यात रागाचा जोर भरताच येत नाही. "च्च्" म्हणून कुणाला धमकावून बघा, जमत नाही. क्लिकरचा मोठा गुण तोच सांगतात: तो कधी चिडत नाही.

याच्या उलट टोकाला 'हाड'. हा शब्द हाडकावरून आला, कारण हाडूक भिरकावलं की कुत्रं तिकडं पळतं, असं मी खूप ठिकाणी ऐकलं आहे. मला हे पटत नाही. हाडूक दाखवलं तर कुत्रं जवळ येईल, लांब कसं जाईल? शेजारची गुजराती बघा. तिथं हाडाला 'हाडकुं' म्हणतात आणि कुत्र्याला हाकलताना 'हड'. एकात 'आ', दुसऱ्यात 'अ'. हिंदीत 'हट'. म्हणजे ही छातीतून बाहेर फेकलेली हाळी आहे, मराठीत तिचा स्वर लांबला आणि हाडाशी तिचं नुसतं रूप जुळलं. 'हाडहाड करणे' म्हणजे माणसालाही तुच्छतेनं वागवणं. बोलावण्यासाठी 'यू यू', सोडण्यासाठी 'छू', हाकलण्यासाठी 'हाड'. कुत्र्याची अख्खी भाषा आपण या तीन हाळ्यांत बसवली, आणि चौथा आवाज, चुचकार, लेकराच्या नावे ठेवला. माझं मत असं, की तो मुळात चार पायांच्या जिवांसाठीच होता. गोठ्यात आणि शेतातल्या आखाड्यावर तो आजही ऐकू येतो.

इथं एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. चुचकारणं म्हणजे धीर देणं, बोलावणं. क्लिकर म्हणजे नेमक्या क्षणावर मारलेली खूण. दोन्ही एक कसे? मी उत्तर माळेगावात पाहिलं. मामांनी कुत्री भुंकताना चुचकारलं नाही, भुंकणं थांबून ती उभी राहिली तेव्हा चुचकारलं. वेळ साधली की धीराची खूण होते. वेळ चुकली तर चुचकारणं निव्वळ लाड ठरतं. मला वाटतं, जुन्या गुराख्यांना हा फरक हातानं कळत होता. तो कुणी लिहून ठेवला नाही, म्हणून तो परदेशातून आला असं आपण समजतो.

या पट्ट्यात कुत्र्याला मान नव्हता असंही नाही. माहूरगड दत्तात्रेयाचा, आणि दत्ताच्या पायाशी चार कुत्री दाखवतात, ती चार वेद मानली जातात. खंडोबाचा वाघ्या स्वतःला देवाचं कुत्रं म्हणवतो. मान होता, पण मूर्तीपुरता. दारातल्या कुत्र्याच्या वाट्याला काठीच आली.

माझ्या आखाड्यावरची कुत्री मोटारसायकलच्या मागं धावायची. मीही काठी उगारली. झालं असं, की ती मोटारसायकलीचा आणखी द्वेष करू लागली आणि काठी दिसली की मलाही टाळू लागली. तिच्या हिशेबात गाडी आली की मार येत होता, म्हणजे गाडीच वाईट. तिचं गुरगुरणंही बंद पडलं. मला आनंद झाला, तो चुकीचा होता. गुरगुर ही सूचना असते. सूचना मारून टाकली की कुत्रं न सांगता चावतं.

माळेगावहून आल्यावर मी काठी ठेवून दिली. पहिले दोन दिवस फक्त "च्च्" आणि लगेच चिमूटभर भाकर, रोज वीस-पंचवीस वेळा. आवाज झाला की ती वळून बघू लागली. मग तिला रस्त्यापासून इतक्या लांब घेऊन बसलो, की गाडी दिसेल पण तिच्या अंगात येणार नाही. गाडी दिसली, ती शांत राहिली, च्च्, तुकडा. ती ताणली गेली तर ओरडायचं नाही, फक्त आणखी लांब जायचं, कारण चूक तिची नव्हती, अंतराची होती. दर चार-पाच दिवसांनी थोडं जवळ. गाडी दिसली की मालकाकडे बघायचं, ही तिची नवी सवय झाली. महिना-सव्वा महिना लागला. दारात उडी मारणाऱ्या कुत्र्याचंही असंच: चार पाय जमिनीवर आले की च्च्, उडी मारली की पाठ फिरवायची.

कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच, ही म्हण मला नेहमी ऐकवली जाते. शेपटाचा बाक हाडामांसाचा, तो नळीनं कसा जाईल? धावून जाणं, भुंकणं, ओढणं या मात्र सवयी आहेत, आणि सवय भाकरीच्या तुकड्यानं बदलते. जनावराला मारझोड करणं तर 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे.

नांदेड-लातूरच्या वाचकांना माझी विनंती एवढीच. आज संध्याकाळी दारातल्या कुत्र्यासमोर उकिडवे बसा. मूठभर भाकरीचे तुकडे घ्या. ते शांत उभं राहील तो क्षण हेरा, आणि 'हाड'ऐवजी चुचकारा.