बर्गर, मेटल आणि हॅम्बुर्गमधला एक रस्ता

हॅम्बुर्गच्या बंदरालगत सांक्ट पाउली नावाची वस्ती आहे, आणि त्या वस्तीत ग्रोसे फ्रायहाइट नावाचा रस्ता. या रस्त्यावर ३९ क्रमांकाच्या इमारतीत १३ एप्रिल १९६२ रोजी स्टार-क्लब सुरू झाला आणि ३१ डिसेंबर १९६९ रोजी बंद पडला. पावणेआठ वर्षांचं आयुष्य. पहिल्या वर्षी तिथे बीटल्स वाजवत होते. शेवटच्या वर्षी वाजवत होती बर्मिंगहॅमची चार पोरं, ज्यांचा बँड पुढे ब्लॅक सॅबथ म्हणून जगभर गाजला. बर्गरला ज्या शहराचं नाव लागलं, त्याच शहरात हेवी मेटलच्या मूळपुरुषांनी उमेदवारी केली! हे ध्यानात आलं त्या दिवसापासून मी या दोघांची वंशावळ एकाच कागदावर मांडतो आहे.

दोन्ही गोष्टी माझ्याकडे एकदमच आल्या. चीजबर्गर खाल्ला की त्याचं परीक्षण म्हणून पाच ओळींची वात्रटिका लिहायची, हा माझा छंद. बर्गरच्या बहुतेक ठिकाणी भिंतीवरच्या स्पीकरमधून जे घणघणत असतं ते मेटल. खाता खाता कान तयार होत गेला. नमुन्यादाखल एक देतो:

कॅम्पातल्या एका बर्गरला चीजचा भारी माज,
पावाबाहेर ओघळ काढून मिरवी आपला साज;
चावा घेता पहिला
सॉस मनगटी वाहिला,
अन् भिंतीवरती घुमू लागला सॅबथचा आवाज.

आता वंशावळ. हॅम्बर्गर म्हणजे हॅम्बुर्गचा रहिवासी, हॅम्बुर्गकर. त्यात ‘हॅम’ नाही, डुकराचं मांस नाही. शहराच्या नावातलं ‘बुर्ग’ म्हणजे गढी. पण अमेरिकेत या शब्दाचे हॅम आणि बर्गर असे चुकीच्या जागी दोन तुकडे पाडले गेले आणि उरलेल्या ‘बर्गर’ला वाटेल ते जोडायची मुभा मिळाली. उद्या कुणी ‘कोल्हापुरी’ या शब्दाचे कोल्हा आणि पुरी असे तुकडे करून ‘चीजपुरी’ नावाचा पदार्थ काढला, तर जे होईल तेच इथे झालं. चीजबर्गर हा शब्द या चुकीच्या फोडीवर उभा आहे, आणि माझ्या मते पदार्थाचं अर्धं यश त्या फोडीचं आहे. तुकडा पडला नसता तर व्हेजबर्गर, चिकनबर्गर, आलूबर्गर यांतलं एकही नाव जन्माला आलं नसतं.

हॅम्बुर्गचं नाव पदार्थाला का लागलं, यावर मात्र जोरदार भांडण आहे. अमेरिकेत बर्गरच्या जन्माचा हक्क सांगणारी गावं भरपूर. विस्कॉन्सिनमधलं सेमूर म्हणतं, १८८५च्या जत्रेत आमच्या चार्ली नॅग्रीनने मांसाचा गोळा चपटा करून पावात घातला. न्यू यॉर्क राज्यात हॅम्बर्ग नावाचंच गाव आहे. तिथले लोक सांगतात की त्याच वर्षी आमच्या जत्रेत मेंचेस बंधूंकडचं डुकराचं मांस संपलं, म्हणून त्यांनी गाईचं वापरलं आणि गावाचं नाव दिलं. कनेटिकटमधल्या न्यू हेवनचं लुईज लंच १९०० साल सांगतं आणि आजही भाजलेल्या पावाच्या चौकोनी कापांतच बर्गर देतं. टेक्सासमधल्या अथेन्सचा उमेदवार वेगळाच, फ्लेचर डेव्हिस. यात सगळ्यांत अवघड प्रतिस्पर्धी मेंचेस बंधू, कारण त्यांची कथा खरी ठरली तर जर्मनीचा संबंध थेट तुटतो.

मला ती कथा पटत नाही, आणि कारण सरळ आहे. ‘हॅम्बर्ग स्टेक’ हे नाव अमेरिकेत त्या जत्रेच्या आधीपासून चालू होतं. हॅम्बुर्गची जहाजं न्यू यॉर्कला लागत. हॅम्बुर्ग-अमेरिका लाइन ही कंपनी १८४७ची, आणि तिच्या बोटींतून लाखो स्थलांतरित अटलांटिक ओलांडून गेले. खिमा, कांदा, मसाला घालून केलेला चपटा गोळा हे त्या माणसांच्या परिचयाचं अन्न. त्याआधीही, अठराव्या शतकात, हॅना ग्लासच्या इंग्रजी पाकपुस्तकात हॅम्बुर्गच्या नावाचं सॉसेज आहे. म्हणजे खिमा आणि हॅम्बुर्ग यांची सांगड जत्रेच्या शंभरेक वर्षं आधीची. माझ्या बाजूचा एक पुरावा मात्र मी स्वतःच बाजूला ठेवतो. डेल्मोनिको या उपाहारगृहाचं १८३४चं म्हणून एक मेन्यूकार्ड फिरवलं जातं, त्यात हॅम्बर्ग स्टेक आहे. ते कार्ड बनावट आहे. त्यावर ज्या छापखान्याचं नाव आहे, तो १८३४ साली अस्तित्वातच नव्हता.

पावाचं काय, हा खरा पेच. हॅम्बुर्गमध्ये ‘रुंडश्ट्यूक वार्म’ नावाचा पदार्थ आहे: गोल पाव आडवा कापायचा, त्यावर भाजलेल्या मांसाचा काप ठेवायचा आणि वरून गरम रस्सा ओतायचा. बर्गर याच्यावरून आला असं म्हणणारे आहेत. मोह होतो, पण यात खिमा नाही आणि रस्स्यामुळे तो हातात धरून खाताच येत नाही. पाव आला तो गरजेतून, असं मी ठामपणे म्हणतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत कारखान्यांच्या दाराशी रात्रपाळीच्या कामगारांसाठी खाण्याच्या गाड्या उभ्या राहत. उभ्याउभ्या, एका हाताने खाणाऱ्या माणसाला ताटातला स्टेक काय कामाचा? पाव म्हणजे त्याचं ताट. पाळीची वेळ आणि रिकामा एकच हात, एवढं पुरेसं आहे. त्यासाठी एकच संशोधक शोधायची गरज नाही, अनेक गाड्यांवर अनेकांनी ते केलं असणार.

चीजची हकीकत छोटी. पॅसाडीनातल्या लायनेल स्टर्नबर्गर या पोराने १९२०च्या दशकात चीज घातलं, अशी कथा आहे. कागद मात्र लॉस एंजलिसच्या ओ’डेल्स या हॉटेलकडे आहे, ज्याच्या १९२८च्या मेन्यूत २५ सेंटचा चीजबर्गर छापलेला आहे. १९३५ साली डेन्वरच्या लुई बॅलास्टने नावावर मालकी मिळवली. कथेपेक्षा छापील मेन्यू भारी, म्हणून माझं मत ओ’डेल्सला.

आता मेटल. इथे नावाचा वाद बर्गरपेक्षाही रंगतदार आहे. विल्यम बरोजच्या ‘द सॉफ्ट मशीन’ या १९६१च्या कादंबरीत ‘हेवी मेटल किड’ असं एक पात्र आहे. १९६७ साली लंडनमध्ये हॅपशॅश अँड द कलर्ड कोट या चित्रकार-जोडीच्या तबकडीवर ‘हेवी मेटल किड्स’ हे नाव झळकलं. १९६८ साली स्टेपनवुल्फ या बँडच्या ‘बॉर्न टु बी वाइल्ड’ या गाण्यात हे दोन शब्द आले; ते गाणं लिहिणाऱ्या मार्स बॉनफायरच्या मनात मोटरसायकलींचा गडगडाट होता. एक विशिष्ट संगीत या अर्थाने शब्द पक्का केला तो समीक्षकांनी. माइक साँडर्सने १९७०मध्ये हंबल पाय या बँडवर ‘रोलिंग स्टोन’मध्ये लिहिताना तो वापरला, १९७१मध्ये ‘क्रीम’ मासिकात सर लॉर्ड बॉल्टिमोर या बँडवर लिहिताना पुन्हा. मी साँडर्सच्या बाजूचा. गाण्यातला गडगडाट यंत्राचा होता; साँडर्सने तो वाद्यांच्या आवाजाला लावला. नाव परीक्षणातून पक्कं झालं, ही गोष्ट परीक्षण लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला फार प्रिय आहे.

आवाज मात्र खऱ्या धातूतून आला. ब्लॅक सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमी बर्मिंगहॅममध्ये पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीचा शेवटचा दिवस. दुपारी जेवायला घरी आला आणि परत जायचं नाही असं म्हणू लागला. आईने सांगितलं, दिवस पुरा करून ये. त्या दुपारी गैरहजर कामगाराच्या जागी त्याला यंत्रावर बसवलं आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. वय सतरा. तो डावखुरा वाजवणारा, म्हणजे हीच बोटं तारा दाबणारी. त्याने भांडी घासायच्या द्रवाची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणं बनवली, त्यांवर चामडं चिकटवलं, गिटारवर बँजोच्या पातळ तारा चढवल्या. पुढे, १९७१च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’पासून, तारा सैल करून सूर दीड स्वर खाली उतरवले. मेटलचा तो जड, खालचा आवाज इथला. कारखान्याची पाळी, बर्गरच्या पावामागचंच कारण, मेटलच्याही जन्माला हजर आहे.

ब्लॅक सॅबथचं त्याच नावाचं गाणं ऐकताना मी एकदा तंबोऱ्याचं ॲप लावून बसलो. गिटारची मूळ सुरावट तीनच स्वरांची: सा, वरचा सा, आणि मग तीव्र मध्यम. युरोपात सा ते तीव्र म या अंतराला सैतानी म्हणून बदनाम केलं गेलं. आपल्याकडे तोच तीव्र म यमनात आहे, आणि यमन तर बहुतेक शिष्यांना सुरुवातीलाच शिकवतात. मेटलने आपल्याला इतक्या लवकर का धरलं, याचं उत्तर मला या स्वरात दिसतं.

आणि हॅम्बुर्ग? स्टार-क्लबमध्ये बँडचं एक कार्यक्रम करून भागत नसे. खलाशी आणि रात्रीचे पाहुणे येत-जात राहत, आणि बँडला एका मुक्कामात खेपेमागून खेप वाजवावी लागे. गाणी थोडी, वेळ पुष्कळ, म्हणून गाणी ताणायची. ऑक्टोबर १९६९मध्ये सॅबथने आपला पहिला अल्बम लंडनमध्ये एका दिवसात वाजवून काढला, कारण गाणी हाताला घट्ट बसली होती. त्यातलं ‘वॉर्निंग’ दहा मिनिटांहून लांब आहे. १३ फेब्रुवारी १९७०, शुक्रवार, या दिवशी तो बाजारात आला. बर्मिंगहॅमने लोखंड दिलं, हॅम्बुर्गने लांबी.

वात्रटिकाही या रस्त्यावरून चुकलेली नाही. तिचं मूळ लिमरिक, म्हणजे आयर्लंडमधल्या शहराचं नाव. तिथेही भांडण: कुणी अठराव्या शतकातल्या माइग नदीकाठच्या आयरिश कवींकडे बोट दाखवतो, कुणी मेजवानीत म्हणायच्या, लिमरिकला यायचं आमंत्रण देणाऱ्या एका ध्रुवपदाकडे. ध्रुवपदवाले जिंकतात, कारण १८८० साली कॅनडाच्या सेंट जॉन शहरातल्या वृत्तपत्रात अशा एका कवनावर चाल म्हणून त्या ध्रुवपदाचंच नाव छापलं गेलं होतं. या रचनेला १८४६च्या पुस्तकातून घरोघरी पोचवलं ते एडवर्ड लिअरने, आणि त्याने स्वतः लिमरिक हा शब्द वापरला नाही. लिअर १८७३ ते १८७५ हिंदुस्थानात फिरला. जुलै १८७४मध्ये त्याची एक कविता मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त आली, तिच्यात आपला कमरबंद हा एक भयंकर प्राणी आहे! मराठीत ही पाच ओळींची गंमत मंगेश पाडगावकरांच्या वात्रटिकांनी रुजवली.

लिअरच्या निरर्थक कवितांच्या वळणाचं पुस्तक १९६४ साली बीटल्सच्या जॉन लेननने काढलं, ‘इन हिज ओन राइट’. म्हणजे स्टार-क्लबच्या रंगमंचावर उभा राहिलेला माणूस. खिमा, मेटल आणि वात्रट कविता, तिन्ही वाटा ग्रोसे फ्रायहाइटवर येऊन मिळतात, आणि मी हा योगायोग मानत नाही. बंदरात येणारी माणसं घाईची असतात आणि त्यांना सगळं हातोहात लागतं.

लिमरिक हे तर परीक्षणासाठीच घडवलेलं वाटतं. पहिल्या ओळीत गाव, म्हणजे पत्ता. दुसरीत पदार्थाचा स्वभाव. तिसऱ्या-चौथ्या तोकड्या ओळींत चाव्याची घटना, आणि पाचवीत निकाल.

बर्गर आणि मेटल यांचं उघड लग्न लागलं शिकागोत. बेलमाँट अव्हेन्यूवर २००५ साली उघडलेल्या कुमाज कॉर्नरमध्ये बर्गरना मेटल बँडची नावं आहेत: आयर्न मेडन, मॅस्टोडॉन, पँटेरा. २०१३मध्ये घोस्ट या बँडच्या नावाच्या बर्गरवर त्यांनी चर्चमध्ये प्रसाद म्हणून देतात तशी, पण अभिमंत्रित न केलेली पातळ चकती ठेवली आणि गदारोळ झाला. हॉटेलने देऊ केलेली देणगी कॅथलिक संस्थेने नाकारली. मुंबईतही हे नातं आहे. डिमॉनिक रेझरेक्शन या मेटल बँडचा गायक साहिल मखिजा ‘हेडबँगर्स किचन’ नावाचा स्वयंपाकाचा कार्यक्रम करतो.

पण मला कुमाजमधला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो स्लेयर नावाचा बर्गर. त्याला पावच नाही. ताटात फ्रेंच फ्राइजचा ढीग, त्यावर खिम्याचा जाडजूड गोळा, चिली, कांदा, चीज, आणि खायला काटा-सुरी. सगळ्यांत कर्कश बँडच्या नावाने शिकागोने जे वाढलं, तो पाव लागायच्या आधीचा हॅम्बर्ग स्टेक आहे.