एक बेट, दोन कोड : सेंट मार्टिनच्या दूरध्वनी क्रमांकांचा इतिहास

कॅरिबियन समुद्रात सेंट मार्टिन नावाचे अवघे ८७ चौरस किलोमीटरचे बेट आहे. त्याच्या उत्तरेकडील मारिगो या गावातून दक्षिणेकडील फिलिप्सबर्गला मोटारीने जायचे, तर अंतर आठ-दहा किलोमीटरचे. वाटेत चौकी नाही, पारपत्र तपासणारा शिपाई नाही. मात्र मारिगोच्या रहिवाशाने फिलिप्सबर्गमधील आपल्या भावाला दूरध्वनी केला, तर तो आंतरराष्ट्रीय कॉल ठरतो. हे असे का, याचे उत्तर शोधू लागले की पावणेचारशे वर्षे मागे जावे लागते. त्यासाठी हा थ्रेड.

२३ मार्च १६४८ रोजी फ्रेंच आणि डच यांनी हे बेट आपसांत वाटून घेतले. एक फ्रेंच आणि एक डच माणूस पाठीला पाठ लावून किनाऱ्याने निघाले आणि जिथे भेटले तिथे सीमा ठरली. डच गडी जिन प्याल्यामुळे मंद चालला, म्हणून फ्रेंचांना जास्त जमीन मिळाली, अशी दंतकथा आजही पर्यटकांना ऐकवली जाते. कथा गोड आहे. पण वाटाघाटींच्या वेळी फ्रेंच आरमार जवळपास होते, ही गोष्ट जिनपेक्षा अधिक विश्वासार्ह वाटते. उत्तरेचा सुमारे ५३ चौरस किलोमीटरचा भाग फ्रान्सकडे गेला, दक्षिणेचा सुमारे ३४ चौरस किलोमीटरचा भाग नेदरलँड्सकडे राहिला. दोन्हीकडच्या लोकांनी बेटावर मोकळेपणाने फिरावे, हे तत्त्वही याच करारातले. माणसांना मिळालेली ही मुभा पुढे दूरध्वनीच्या तारांना मात्र मिळाली नाही.

आता जगाच्या क्रमांकांकडे वळू. १९४७ मध्ये अमेरिकेतील एटी अँड टी कंपनीने उत्तर अमेरिकेसाठी तीन अंकी एरिया कोडची योजना आखली. आपल्याकडच्या एसटीडी कोडचे हे भावंडच. तेव्हा फोनला फिरती तबकडी होती. १ फिरवला की एक ठोका, ९ ला नऊ आणि ० ला दहा ठोके. म्हणून जिथे फोन जास्त, तिथे छोटे अंक दिले गेले. न्यूयॉर्कला २१२ मिळाला : एकूण पाच ठोके. १९५८ मध्ये बर्म्युडा आणि कॅरिबियनमधील अनेक बेटे मिळून एकच कोड दिला गेला, ८०९. त्याचे ठोके होतात सत्तावीस. त्या नकाशात ही बेटे कुठे बसत होती, हे तबकडीच सांगते.

१९६० च्या दशकात संपूर्ण जगाला देश-कोड देण्याची वेळ आली. उत्तर अमेरिकेच्या योजनेत आधीच आलेल्या बेटांना अमेरिका-कॅनडाचाच +१ लाभला. त्यांत बहुसंख्य ब्रिटिश वसाहती होत्या. फ्रेंच आणि डच बेटे या योजनेबाहेर होती. त्यांना दक्षिण अमेरिकेच्या ‘५’ या विभागात बसवण्यात आले. ग्वादलूपला +५९०, मार्टिनिकला +५९६, नेदरलँड्स अँटिलीसला +५९९. म्हणजे कोड ठरवताना शेजार पाहिला गेला नाही, मालक पाहिला गेला.

सेंट मार्टिनचा फ्रेंच भाग प्रशासनाच्या दृष्टीने ग्वादलूपचा एक हिस्सा होता, म्हणून त्याला +५९०. डच भाग नेदरलँड्स अँटिलीसमध्ये होता, म्हणून +५९९. एका बेटावरच्या दोन गावांचे कोड अशा रीतीने दोन वेगवेगळ्या, दूरच्या बेटांच्या फायलींमधून आले.

यापुढचा भाग अधिक रंजक आहे. २००३ मध्ये फ्रेंच भागातील मतदारांनी ग्वादलूपपासून वेगळे होण्याच्या बाजूने कौल दिला आणि २००७ मध्ये तो भाग फ्रान्सच्याच अंतर्गत स्वतंत्र प्रशासकीय एकक झाला. कोड? तोच, +५९०. वेगळ्या झालेल्या घराच्या दारावर जुन्या घराची पाटी राहावी, तसा. बाहेरून फोन लावताना तर ५९० दोनदा फिरवावा लागतो : पहिला देश-कोड, दुसरा फ्रेंच पद्धतीतील अंतर्गत क्रमांकाचा आरंभ. नवख्या माणसाला ती छपाईची चूक वाटते.

डच भागाने नेमके उलटे केले. १० ऑक्टोबर २०१० रोजी नेदरलँड्स अँटिलीस हा घटक विसर्जित झाला आणि सिंट मार्टेन हा डच राजसत्तेअंतर्गत स्वतंत्र देश बनला. पुढच्याच वर्षी, ३० सप्टेंबर २०११ रोजी, त्याने +५९९ सोडून उत्तर अमेरिकेच्या योजनेत प्रवेश केला. नवा कोड +१-७२१. जुने सात अंकी क्रमांक तसेच राहिले, फक्त पुढचा भाग बदलला. यामागचा हिशेब समजण्यासारखा आहे. या भागाचे पोट पर्यटनावर चालते, त्यात अमेरिकन पाहुण्यांचा वाटा मोठा, आणि बाजारात डॉलर सर्रास चालतो. अमेरिकेतील माणसाला परदेशी उपसर्गाशिवाय १ आणि पुढे दहा अंक फिरवून हॉटेल गाठता आले, तर कोणाला नको आहे?

मात्र त्यामुळे बेटावरील दोन बाजू क्रमांकांच्या दृष्टीने आणखी दुरावल्या. पूर्वी दोन्ही कोड निदान ‘५९’ ने सुरू होत असत. आता मारिगोहून फिलिप्सबर्गला फोन लावायचा, तर अंकांच्या हिशेबाने आधी अमेरिकेच्या दारात जावे लागते. मोबाइल आल्यावर सीमेजवळच्या घरांत आणखी एक गंमत सुरू झाली : माणूस आपल्या अंगणातच असतो, पण फोन पलीकडचा मनोरा पकडतो आणि रोमिंग सुरू होते.

७२१ मधला मधला ‘२’ही बोलका आहे. मूळ योजनेत एरिया कोडचा मधला अंक ० किंवा १ असलाच पाहिजे, असा नियम होता. ८०९, २१२ पाहा. हा नियम १९९५ मध्ये शिथिल झाला आणि मगच ८०९ फोडून एकेका बेटाला स्वतंत्र कोड देणे शक्य झाले. अँटिग्वाला २६८, त्रिनिदाद आणि टोबॅगोला ८६८. फोनच्या बटणांवरची इंग्रजी अक्षरे जुळवली, तर त्यांतून अनुक्रमे ‘एएनटी’ आणि ‘टीएनटी’ ही आद्याक्षरे निघतात. ८०९ डॉमिनिकन प्रजासत्ताकाकडे राहिला.

आणि +५९९? ज्या नेदरलँड्स अँटिलीससाठी तो दिला गेला, ते आज अस्तित्वात नाही. अरुबा १९८६ मध्येच वेगळे झाले, त्याचा कोड +२९७. कुरासाव आता स्वतंत्र देश आहे. बोनेर, साबा आणि सिंट युस्टेशियस ही बेटे तर थेट नेदरलँड्सच्या विशेष नगरपालिका झाली, म्हणजे नेदरलँड्सचा +३१ त्यांनाही मिळू शकला असता. तरीही ही चारही बेटे अद्याप +५९९ च वापरतात.

फिलिप्सबर्गमधील एखाद्या दुकानाचे किंवा हॉटेलचे तारीख नसलेले जुने माहितीपत्रक हाती आले, तर आधी त्यावरचा क्रमांक पाहावा. ५९९ ने सुरू होत असेल तर ते बहुधा २०११ च्या आधीचे. ७२१ असेल तर नंतरचे. मारिगोच्या माहितीपत्रकाबाबत हा उपाय चालणार नाही. तिथे २००७ च्या आधीही ५९० होता, नंतरही ५९० च आहे.