बाग कोणाची? पुण्याच्या वनस्पतिउद्यानांचा इतिहास

मित्रहो, पुण्यात 'बागेत जाऊन येतो' असं सांगून माणूस तुळशीबागेत गेला, तर येताना हातात फुलं नसतात, भांडी असतात. बेलबाग म्हटलं की आपल्याला चौक आठवतो. पेशवाईत या शहराभोवती बागांचं कडं होतं. हिराबाग, रमणबाग, मोतीबाग ही नावं राहिली, झाडं गेली. त्या बागा पूजेच्या फुलांसाठी, फळांसाठी आणि धन्याच्या विसाव्यासाठी होत्या. वनस्पतिउद्यान ही मात्र वेगळी गोष्ट आहे. तिथे झाडाला नाव विचारलं जातं.

आज आपण एक दिवस अशा उद्यानात घालवायचा आहे. डबा बरोबर घ्या, पाण्याची बाटली घ्या. आपण एम्प्रेस बागेत जाणार आहोत. पण तिथे पोहोचण्याआधी वाट वाकडी करून दापोडीला जायला हवं, कारण पुण्याच्या वनस्पतिउद्यानांची कहाणी तिथे सुरू होते.

दापोडीला पेशव्यांच्या कवायती पलटणीचा इंग्रज अधिकारी कॅप्टन फोर्ड राहत असे. १८१७च्या खडकीच्या लढाईत ही पलटण इंग्रजांना जाऊन मिळाली, हे आपल्याला ठाऊक आहे. पुढे मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी त्याचा बंगला सरकारी निवासासाठी घेतला आणि १८२८ साली तिथे वनस्पतिउद्यान काढलं. हेतू काय होता? निव्वळ सौंदर्य नव्हे. बाहेरची उपयोगी झाडं इथल्या मातीत रुजतील का, औषधं इथेच पिकवता येतील का, हे कंपनी सरकारला बघायचं होतं. म्हणजे बाग ही प्रयोगशाळा होती, आणि तिचा मालक हिशेबी होता.

१८३८ पासून या बागेचा कारभार अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश डॉक्टरकडे आला. हा माणूस आधी दख्खनमध्ये देवी टोचण्याचं काम करत हिंडलेला. जुन्नरकडे हिवऱ्याला त्याची औषधी वनस्पतींची बागही होती. १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याचा जंगल संरक्षक झाला. कोकणातली जंगलं तुटली की ओढे आटतात, असं त्यानं सरकारला लिहून कळवलं होतं. पावणेदोनशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे! त्यानं आणि डाल्झेल यांनी मिळून लिहिलेला मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरचा ग्रंथ १८६१ साली आला.

आता आमचा खरा मुद्दा. १८४७ ते १८५०च्या सुमारास गिब्सननं दापोडीच्या बागेतल्या झाडांची चित्रं काढून घेतली. दीडशेहून अधिक चित्रं आहेत, आणि ती आज एडिनबरोच्या शाही वनस्पतिउद्यानात जपलेली आहेत. प्रत्येक चित्रातल्या वनस्पतीला लॅटिन नाव आहे. चित्रं काढून घेणाऱ्याचं नाव आहे. चित्रकाराचं नाव नाही. पोर्तुगीज-हिंदी तरुण, एवढीच त्याची ओळख उरली. पानाची शीर न् शीर पाहणारा हा डोळा कोणाचा, हे आपल्याला सांगता येत नाही. आणि त्या झाडांना ज्यांनी पाणी घातलं, त्या माळ्यांचं तर विचारूच नका.

कुणी म्हणेल, जुना काळ, असंच व्हायचं. आम्ही तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेली माणसं. आम्हाला हे उत्तर पटत नाही, आणि त्याला कारण आहे. ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस याला वनस्पतिशास्त्राचा जनक म्हणतात. त्याची अथेन्समध्ये बाग होती. त्याचं मृत्युपत्र आज वाचायला मिळतं. त्यात तो म्हणतो की ही बाग माझ्या मित्रांनी एकत्र अभ्यासासाठी वापरावी, कुणी विकू नये, देवळासारखी सामाईक ठेवावी. आणि पुढे बागेत राबणाऱ्या दोन गुलामांबद्दल लिहितो की त्यांनी आणखी चार वर्षं नीट काम केलं की त्यांना स्वातंत्र्य द्यावं. त्यांची नावं आहेत, मॅनिस आणि कॅलियस. मुक्तीला अट घालणारा हा मालकच होता, ते विसरू नका. तरी तेवीसशे वर्षांपूर्वीच्या दोन बागकामगारांची नावं आपण घेऊ शकतो, आणि दापोडीच्या चित्रकाराचं घेऊ शकत नाही. तेव्हा दोष नुसत्या काळाचा नाही. कोणाचं नाव लिहून ठेवायचं, हे माणसं ठरवतात.

पुढे गव्हर्नरांचं बिऱ्हाड गणेशखिंडीत हललं, म्हणजे आजच्या विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत, आणि दापोडीची बाग मोडली. १८७३ साली गणेशखिंडीत नवं उद्यान सुरू झालं. त्याला २०२० मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला.

आता कॅम्पाच्या बाजूला, रेसकोर्सजवळ येऊ. इथली ३९ एकरांची बाग पूर्वी सोल्जर्स गार्डन होती, म्हणजे गोऱ्या शिपायांच्या विरंगुळ्याची. १८७७ साली दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचं जाहीर झालं, आणि त्या किताबावरून बागेला 'एम्प्रेस' हे नाव पडलं. गंमत बघा. त्याच दरबाराला आपल्या पुण्याचे सार्वजनिक काका, गणेश वासुदेव जोशी, हातानं कातलेल्या सुताची खादी घालून गेले होते आणि हिंदी माणसाला इंग्रज प्रजेच्या बरोबरीचा दर्जा मागून आले. एकाच प्रसंगातून या शहराला बागेचं नाव मिळालं आणि हक्काची मागणीही मिळाली.

आज ही बाग १८३० साली स्थापन झालेली ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था सांभाळते. जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनाला गर्दी लोटते. एरवी शाळांच्या सहली येतात, आजोबा नातवंडांना आणतात, झाडाखाली सतरंजी अंथरून पोळी-भाजीचे डबे उघडतात. शिपायांची बाग, सम्राज्ञीची बाग असं करत करत ती खऱ्या अर्थानं सार्वजनिक झाली. पण सार्वजनिक म्हणजे काय? कुणाचीच नाही, असं आपण पुष्कळदा धरून चालतो. थिओफ्रास्टसनं सांगितलं ते वेगळं होतं: सगळ्यांची, म्हणून कुणी एकट्यानं मोडायची नाही. आणि हे नुसतं बागेच्या जमिनीला लागू नाही, तिच्या आठवणीलाही लागू आहे.

तेव्हा मंडळी, जाल तेव्हा मुलांना झाडांवरच्या पाट्या वाचायला लावा. शास्त्रीय नाव, मराठी नाव, दोन्ही. जुन्या वृक्षांवर चढलेल्या जाडजूड वेली दाखवा. आणि वाफ्यात काम करणारे माळीदादा किंवा मावशी दिसल्या, तर झाडाबद्दल त्यांना विचारा, आणि त्यांचं नावही विचारा. घरी आल्यावर मुलं सहलीवर निबंध लिहितात ना? त्यात ते नाव येऊ द्या.

आता प्रश्न असतील तर घेऊ.