मारकुटं पोर आणि गोळी

मारामारी, चोरी करताना सापडलेलं पोर पूर्वी सुधारगृहात जायचं. 1937 साली दोन वेगळ्या वाटा निघाल्या. खाडीपलीकडे मुंबईत सर दोराबजी टाटा समाजकार्य शाळेनं, म्हणजे आजच्या टिसनं, बालमार्गदर्शन केंद्र उघडलं. मुलाशी आणि आईबापाशी बोलून कारण शोधायचं, ही तिथली रीत. त्याच वर्षी अमेरिकेतल्या डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांनी अशा 30 मुलांना बेन्झेड्रिन दिल्याचं छापून आलं. औषध तरतरी आणणारं, पण बरीच मुलं त्यानं निवळली, अभ्यासाला बसू लागली! आहे की नाही नवल?

1952 पासून मनाच्या आजारांवर क्लोरप्रोमाझिन आलं, पुढे रिस्पेरिडोन. त्यानं रागाचा भडका कमी होतो, पण वजन वाढतं, सुस्ती येते. कसं वागावं हे मात्र गोळी शिकवत नाही. म्हणून डॉक्टर आजही आधी आईबापांना मुलाला हाताळायच्या युक्त्या शिकवतात. त्यानं भागलं नाही तरच गोळी, तीही वजन, साखर तपासत. दुसऱ्याच्या चिठ्ठीवर ती आणू नका, मनानं बंदही करू नका. बेलापूर असो की घणसोली, 14416 वर ‘टेलि-मानस’शी मराठीत फुकट बोलता येतं.