तेवीस एप्रिलचा गुलाब

स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत, वर्तमानपत्रांतल्या ‘दिनविशेष’ सदरात आणि शाळेच्या परिपाठात २३ एप्रिल हमखास भेटतो. प्रश्न ठरलेला असतो: जागतिक पुस्तक दिन याच तारखेला का? उत्तरही ठरलेलं: १६१६ साली या दिवशी शेक्सपियर आणि स्पॅनिश लेखक सर्व्हांतेस, दोघांचं निधन झालं. या उत्तराला पूर्ण गुण मिळतात. पण त्यातल्या तारखा नीट जुळत नाहीत, आणि हा दिवस पहिल्यांदा जिथे रुजला त्या बार्सिलोनाचं, तिथल्या प्रेमिकांच्या गुलाबाचं नावही त्यात येत नाही.

आधी तारखांचं पाहू. स्पेनने १५८२ मध्ये ग्रेगोरियन पंचांग स्वीकारलं. त्या वर्षी तिथे ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर उजाडला. इंग्लंड मात्र १७५२ पर्यंत जुन्या ज्युलियन पंचांगालाच धरून होतं. त्यामुळे शेक्सपियरने डोळे मिटले तेव्हा इंग्लंडात २३ एप्रिल होता, तर माद्रिदमध्ये ३ मे. सर्व्हांतेस त्याआधीच, माद्रिदच्या २२ एप्रिलला गेला होता. २३ ही चर्चच्या नोंदवहीतली तारीख. म्हणजे दोघांच्या मृत्यूंत प्रत्यक्षात अकरा दिवसांचं अंतर होतं. मराठी माणसाला हा घोळ नवा नाही. रायगडावर शिवराज्याभिषेक दिन ६ जूनलाही होतो आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीलाही, आणि दोन्ही दिवशी गडावर गर्दी असते.

आता गुलाब. बार्सिलोना ज्या कातालोनिया प्रांतात आहे, त्याचा रक्षक संत म्हणजे सेंट जॉर्ज, तिथल्या लोकांचा सान जॉर्दी, आणि त्याचा सण २३ एप्रिलला येतो. कातालान कथेनुसार मोंटब्लांक गावाबाहेर एक ड्रॅगन ठाण मांडून बसला होता. त्याला रोज एक जीव द्यावा लागे. चिठ्ठ्या टाकता टाकता एके दिवशी राजकन्येचीच पाळी आली. तेवढ्यात जॉर्दी आला, त्याने ड्रॅगनला मारलं, आणि रक्त सांडलं तिथे लाल गुलाबाचं झुडूप उगवलं. त्यातलं एक फूल त्याने राजकन्येला दिलं. तेराव्या शतकात याकोबुस द व्होराजिने याने संतांच्या कथांचा जो प्रसिद्ध लॅटिन संग्रह केला, त्यात हीच गोष्ट लिबियात घडते आणि गुलाबाचा पत्ताच नाही. फूल लोकांनी आपल्या मनाने जोडलं, आणि सण टिकला तो त्या फुलामुळेच. पंधराव्या शतकापासून बार्सिलोनात सान जॉर्दीच्या दिवशी गुलाबांची जत्रा भरत आली आहे. लग्न ठरलेली जोडपी तिथे जात आणि मुलगा मुलीला गुलाब घेऊन देई. आजही त्या लाल गुलाबासोबत गव्हाची एक लोंबी असते, आणि देठाला कातालान झेंड्याच्या पिवळ्या-लाल पट्ट्यांची फीत.

पुस्तक या सणात फार उशिरा आलं. व्हिसेंत क्लावेल हा मूळचा वालेन्सियाचा लेखक-प्रकाशक. त्याच्या प्रकाशनसंस्थेचं नावच ‘सर्व्हांतेस’ होतं. स्पेनमध्ये पुस्तकासाठी वर्षातला एक दिवस राखून ठेवावा, यासाठी त्याने बार्सिलोनातल्या ग्रंथव्यावसायिकांच्या मंडळाकडे पाठपुरावा केला. राजा तेरावा आल्फोन्सो याने ६ फेब्रुवारी १९२६ रोजी तसा हुकूम काढला आणि पहिला पुस्तक दिन त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला पार पडला. ती तारीख सर्व्हांतेसच्या जन्माची म्हणून निवडली होती. पण त्याच्या जन्मदिवसाचा पक्का पुरावाच नाही. ९ ऑक्टोबर १५४७ रोजी त्याचा बाप्तिस्मा झाला, एवढीच नोंद सापडते. शिवाय रस्त्यावर मांडलेली पुस्तकं चाळत हिंडायला शरद ऋतूपेक्षा वसंत सोयीचा. १९३० मध्ये हा दिवस सर्व्हांतेसच्या मृत्यूच्या नोंदवहीतल्या तारखेवर, २३ एप्रिलवर, आणला गेला. बार्सिलोनाच्या रस्त्यांवर त्या दिवशी गुलाबवाले आधीपासूनच उभे होते. त्यांच्या शेजारी पुस्तकांचे स्टॉल लागले, आणि त्याने तिला गुलाब द्यायचा, तिने त्याला पुस्तक, अशी रीत पडत गेली. बाकीच्या स्पेनमध्ये पुस्तक दिन राहिला, पण त्याचा असा लोकोत्सव झाला नाही. या यशाचं श्रेय राजाच्या हुकुमापेक्षा त्या जुन्या जत्रेला अधिक द्यायला हवं.

पुढे १९३९ मध्ये स्पेनमधलं यादवी युद्ध संपलं आणि हुकूमशहा फ्रँकोची राजवट आली. कातालान भाषेतल्या प्रकाशनावर कडक बंधनं आली. पुस्तकांचा दिवस चालू राहिला, पण स्टॉलवर पुस्तकं स्पॅनिश असत. ज्यांची भाषा दुकानांतून आणि शाळांतून हद्दपार झाली होती, त्यांच्यासाठी सान जॉर्दीचा गुलाब त्या काळात प्रेमिकांपुरता उरला नाही. बंधनं हळूहळू सैल होत गेली, तसतशी कातालान पुस्तकं स्टॉलवर परतली. १९७५ मध्ये फ्रँकोच्या मृत्यूनंतर तर ती उघडपणे मिरवू लागली.

युनेस्कोने १९९५ मध्ये २३ एप्रिल हा जागतिक पुस्तक आणि स्वामित्व हक्क दिन ठरवला, तो स्पेनमधल्या याच प्रथेवरून. तेव्हापासून तो जगभरच्या आणि आपल्याकडच्या दिनविशेषांत दाखल झाला. खुद्द शेक्सपियरच्या ब्रिटनमध्ये मात्र शाळकरी मुलांचा पुस्तक दिन मार्चच्या पहिल्या गुरुवारी असतो, कारण एप्रिलची ती तारीख ईस्टरच्या सुट्यांच्या आसपास येते.

बार्सिलोनात आता फूल कुणी द्यायचं आणि पुस्तक कुणी, हे बंधन उरलेलं नाही. दोघंही दोन्ही देतात, आईबाप मुलांना पुस्तकं घेतात. कातालान प्रकाशक वर्षातली महत्त्वाची पुस्तकं या तारखेआधी बाजारात आणण्याची धडपड करतात. वास्तुकार गाउदीच्या कासा बात्यो या इमारतीचे सज्जे लाल गुलाबांनी मढवले जातात आणि लेखक दिवसभर या स्टॉलवरून त्या स्टॉलवर जात सह्या करतात. २०२२ मध्ये ऐन सणाच्या दिवशी वादळी पाऊस आणि गारपीट झाली, मांडव कोसळले, पुस्तकं भिजली. विक्रेत्यांनी उरलेली प्लास्टिकखाली झाकून ठेवली आणि सर ओसरताच पुन्हा मांडली.