केक संपण्याआधीचे सोळा तास

मोत्या ठणठणीत आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्यांना मोकळेपणी हसता येईल. त्या नाताळात राजोडीच्या आमच्या घरात जे घडलं त्यात बेफिकीर कुणीच नव्हतं. घर माणसांनी भरलेलं होतं आणि त्यातल्या प्रत्येकाचा त्या कुत्र्यावर जीव आहे. कोणी काय केलं, डबा कोणी कुठे ठेवला, हे आम्ही नंतर ओट्यावर बसून एकमेकांना विचारत जुळवलं. ते असं.

सकाळी ६. अजून १६ तास.

बाबा वाडीत पाण्याची मोटर सुरू करायला निघाले आणि मोत्या नेहमीप्रमाणे त्यांच्या पुढे. केळीच्या ओळींमधून सुरूच्या झाडांत, तिथून थेट वाळूवर. डिसेंबरात या वेळी किनारा ओला आणि गार असतो. एका अंगाला कळंब, दुसऱ्या अंगाला नवापूर, अर्नाळा, आणि मध्ये मोत्याला धावायला भरपूर जागा. याच सुरूंत तो पिल्लू असताना सापडला होता. जात गावठी, वजन डॉक्टरांच्या काट्यावर अठरा किलो. हे वजन लक्षात ठेवा.

परत आल्यावर त्याने दूधभाकरी खाल्ली. त्या दिवशीचं त्याचं ठरल्याप्रमाणे झालेलं हे एकमेव जेवण.

सकाळी ८. अजून १४ तास.

आजी लाल लुगड्याचा पदर खोचून करंज्या तळायला बसली होती. मुलं काट्याच्या चमच्यावर कलकल वळत होती, त्यातले निम्मे वाकडे होत होते आणि आजी वाकडेही त्याच मायेने कढईत सोडत होती. केक आठवड्यापूर्वीच भाजून झाला होता. आमच्याकडे त्याची तयारी दिवाळीच्या सुमारास सुरू होते: काळ्या मनुका, बेदाणे, संत्र्याची साल, सगळं बरणीत रम ओतून मुरत ठेवायचं. मनुका तासगावच्या बाजारातल्या. भाजल्यावरही रोज संध्याकाळी आई केकवर चमचाभर रम सोडते. असे दोन केक पत्र्याच्या मोठ्या डब्यात, मागच्या खोलीतल्या फडताळाच्या सर्वांत वरच्या कप्प्यात होते. तिथे मोत्या पोहोचणं शक्यच नव्हतं.

सकाळी १०. अजून १२ तास.

आत्या आणि तिची मंडळी बोरिवलीहून आली. मुलांच्या हातात चॉकलेटांची भलीमोठी पिशवी. वहिनीने ती पाहिली आणि दारातच म्हणाली, "आधी ती वर ठेवा. कुत्र्यासाठी विष आहे ते."

वहिनीचं खरं होतं. कोकोमध्ये थिओब्रोमिन नावाचं द्रव्य असतं. माणसाचं शरीर ते काही तासांत निकामी करतं. कुत्र्याच्या शरीरात मात्र त्याचं प्रमाण निम्म्यावर यायलाच सतरा-अठरा तास जातात, आणि तोवर हृदयाची धडधड वाढते, अंग थरथरतं, झटकेही येऊ शकतात. चॉकलेट जितकं काळं आणि कडू, तितका धोका मोठा. पिशवी लोखंडी कपाटात गेली आणि किल्ली आजीच्या कमरेला. सगळ्यांना हायसं वाटलं. मोत्याच्या सुरक्षिततेचा विषय घरात तिथेच मिटला, आणि माझ्या मते त्या दिवसाची दिशा इथेच ठरली. ज्याला आम्ही ओळखत होतो तो धोका कुलपात गेला. ज्याला ओळखत नव्हतो तो पत्र्याच्या डब्यात मुरत होता.

दुपारी १२. अजून १० तास.

आमच्या मनी मांजरीने सजावटीची चंदेरी झिरमिळी पकडून चावायला घेतली. आईने हातातलं टाकून ती सोडवून घेतली. मांजराच्या पोटात लांब धागा गेला तर आतडी त्यावर चुण्या पडून गोळा होतात आणि शस्त्रक्रियेवाचून इलाज राहत नाही. झिरमिळ्या उतरल्या, कागदी चांदण्या लागल्या.

दुपारी २. अजून ८ तास.

गोठा. आमच्याकडचं नाताळचं सर्वांत आवडीचं काम. काकांनी बांबू आणि पेंढ्याचा सांगाडा उभा केला, मुलांनी समुद्रावरून आणलेल्या वाळूचा रस्ता केला, त्यावर उंट, मेंढपाळ, बैल, गाढव. गव्हाणी रिकामी ठेवायची, कारण बाळ येशूची मूर्ती मध्यरात्रीच्या मिस्सेनंतरच ठेवतात. ही रिकामी, मऊ पेंढ्याची, उन्हाने ऊबदार झालेली गव्हाणी मनीने पाहिली आणि ती तिच्यात जाऊन झोपली.

मुलांना हसू आवरेना. आत्याला ते बरं वाटलं नाही, ती मनीला उचलायला पुढे झाली. तेव्हा काकांनी तिला संत फ्रान्सिसची गोष्ट सांगितली. इटलीतल्या ग्रेच्चो गावात १२२३ साली असिसीच्या फ्रान्सिसने नाताळचा देखावा उभा केला तेव्हा त्यात मातीचे पुतळे नव्हते. खरा चारा होता, खरा बैल आणि खरं गाढव होतं, आणि माणसं त्यांच्याभोवती उभी राहिली होती. आपण आज घराघरांत जे गोठे करतो त्यांची परंपरा तिथपर्यंत जाते. "मग मनी बरोबर जागी आहे," मधली भाची म्हणाली. आत्या हसली. मनी तिथेच राहिली. मला तो दुपारचा तास अजून आवडतो. बाहेर अंगणात मोत्या पाय पसरून पडला होता आणि त्याच्या पाठीवर कुणीतरी एक कागदी चांदणी चिकटवली होती.

दुपारी ४. अजून ६ तास.

ताटं भरायची वेळ. दिवाळीत शेजारच्या वाडवळ घरांतून आमच्याकडे फराळ येतो, नाताळात आमच्याकडून तिकडे ताटं जातात. करंज्या, कलकल, दोदोल आणि केकचा तुकडा. केक कापायला आईने पत्र्याचा डबा वरून खाली काढला आणि तांदळाच्या कणगीशेजारच्या बाकड्यावर ठेवला. एका केकचे तुकडे झाले. दुसरा अख्खा होता, तो परत डब्यात गेला, वर उरलेले तुकडे रचले. झाकण नीट बसेना. वरून दाबून ठेवलं. तेवढ्यात दारात कुणीतरी हाक मारली, आई ताटं घेऊन बाहेर गेली.

डबा बाकड्यावर राहिला. बाकडं गुडघ्याएवढं उंच.

संध्याकाळी ६. अजून ४ तास.

अंधार पडला, घरोघरचे तारे उजळले, आणि किनाऱ्याच्या बाजूने फटाके सुरू झाले. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नाताळ आणि नववर्षाच्या रात्री फटाक्यांसाठी ११.५५ ते १२.३० अशी वेळ घालून दिली, पण हातात फटाका आलेल्या मुलाला तेवढा धीर कुठून असणार? पहिल्या आवाजाला मोत्या खाटेखाली गेला. माणसाला साधारण वीस हजार हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून अधिक. शिवाय आवाज कुठून आणि का येतोय हे त्याला कुणी समजावू शकत नाही. त्याचं सगळं अंग थरथरत होतं. काका त्याच्याजवळ जमिनीवर आडवे झाले आणि बराच वेळ त्याच्या मानेवर हात ठेवून राहिले.

तिथेच ठरलं: आम्ही मिस्सेला जाऊ तेव्हा मोत्याला मागच्या खोलीत ठेवायचं. तिथल्या भिंती जाड, खिडकी एकच आणि लहान. अशा रात्री घाबरणाऱ्या कुत्र्याला आतल्या, बंद, शांत खोलीत ठेवावं असंच डॉक्टरही सांगतात.

रात्री ८. अजून २ तास.

मोत्याच्या जेवणाची वेळ.

बाबांना वाटलं, आईने घातलं. आईला वाटलं, खाटेखाली त्याच्याजवळ काका होते, त्यांनी घातलं असेल. काकांनी आत्याला विचारलं, "मोत्या जेवला का?" आत्याने मुलांना विचारलं. मुलांनी "हो" म्हटलं, कारण सहा वाजता त्यांनी त्याला दोन कलकल दिले होते. वहिनी इस्त्री करत होती. मी आजीची साडी शोधत होते. एरवी घरात चार माणसं असली की मोत्या कधी उपाशी राहत नाही. त्या रात्री विचारणारे इतके होते की प्रत्येकाला उत्तर मिळालं.

रात्री ९. अजून १ तास.

धावपळ. कुणाचा बूट सापडत नाही, कुणाच्या गाऊनचं बटण तुटलंय. मिस्सेआधी नाताळगीतं असतात आणि उशीर झाला की मंडपाबाहेर उभं राहावं लागतं. आत्याने मोत्याला मागच्या खोलीत नेलं. आजीची जुनी गोधडी अंथरली, पाण्याचं भांडं ठेवलं, फटाके ऐकू येऊ नयेत म्हणून रेडिओ लावला, त्याच्या कपाळावर ओठ टेकले आणि बाहेरून कडी घातली. यातली एकेक गोष्ट योग्य होती.

गुडघ्यांमुळे आजी घरी थांबली. पुढच्या खोलीत खुर्चीवर, हातात रोझरी.

रात्री १०.

आजीने आतून धप्पकन आवाज ऐकला. तिला वाटलं फटाका. तिने मोत्यासाठी एक नमो मरिया जास्त म्हटली.

रात्री १२.२०

आम्ही परतलो ते आनंदात. थंडी, भरलेलं चर्च, एकमेकांना दिलेल्या शुभेच्छा. आत्याने कडी काढली.

डबा जमिनीवर उताणा. बटरपेपरचे तुकडे खोलीभर. गोधडीवर मोत्या, पोट टमटमीत, तोंडावर चुरा, शेपटी जमिनीवर आपटतेय. अख्खा केक आणि वरचे तुकडे, सगळं साफ. आम्ही पोट धरून हसलो. काकांनी फोटो काढला. धाकटा भाचा म्हणाला, "त्याने नाताळ आपल्याआधी केला!"

वहिनी हसत नव्हती. तिने डब्याच्या तळाशी बोट फिरवलं, एक काळा दाणा उचलला आणि आईला विचारलं, "यात मनुका किती होत्या?"

"अर्धा किलो," आई म्हणाली. "दोन केकला मिळून."

हसू थांबलं.

द्राक्षं आणि मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडांना निकामी करू शकतात, ही गोष्ट पशुवैद्यकांच्याही ध्यानात उशिरा आली. अमेरिकेतल्या प्राणी-विषबाधा केंद्राच्या डॉक्टरांनी २००१ साली अशा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली तेव्हा कारण कुणालाच सांगता येत नव्हतं. एक कुत्रा वाटीभर मनुका पचवतो, दुसरा मूठभर खाऊन आजारी पडतो, हे कोडं वीस वर्षं राहिलं. २०२१ मध्ये त्याच संस्थेच्या डॉक्टरांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. घरी बनवलेला खेळायचा मऊ गोळा खाऊन कुत्र्यांना अगदी तसाच त्रास झाला होता, आणि त्या गोळ्यात याच आम्लाचा क्षार घातलेला होता. प्रत्येक द्राक्षात या आम्लाचं प्रमाण वेगळं, म्हणून परिणामही वेगळा. आपल्या चिंचेतही ते भरपूर असतं, तेव्हा चिंचेचा कोळ घातलेलं कालवणही कुत्र्याच्या भांड्यात जायला नको. लक्षणं लगेच दिसत नाहीत. आधी उलट्या, मग सुस्ती, आणि एक ते तीन दिवसांत लघवी कमी होत जाते. म्हणून आता छान दिसतोय, सकाळी बघू, असं म्हणणं हाच खरा घात.

शिवाय रम होती. केक भाजल्यानंतर घातलेली रम उडून जात नाही.

बाबा म्हणाले, "परळला नेऊ, बैलघोडा हॉस्पिटलला." पण रात्री राजोडीहून परळ फार लांब. वहिनीने विरारच्या डॉक्टरांना फोन लावला आणि नाताळच्या रात्री साडेबारा वाजता त्यांनी तो उचलला. मीठ-पाणी पाजू नका, बोटं घालून उलटी काढायला जाऊ नका, आहे तसा घेऊन या, इतकंच म्हणाले आणि वजन विचारलं. अठरा किलो.

गाडीत पुढे काका, मागे मी, आत्या आणि वहिनी, मांडीवर मोत्या. त्याच्या श्वासाला केकचा वास येत होता. आत्या रडत होती. वहिनी तिला सांगत होती, "कडी तू घातलीस, डबा आईंनी ठेवला, जेवण आपण सगळ्यांनीच घातलं नाही. आता कुणी एकाने रडायचं नाही." हे वाक्य मी मनात जपून ठेवलं आहे.

डॉक्टरांनी उलटीचं इंजेक्शन दिलं. खाऊन दोन तास उलटून गेले होते, पण मनुका पोटात रेंगाळतात, म्हणून प्रयत्न वाया जात नाही. आणि गेला नाही. फुगलेल्या, अख्ख्या मनुका वर्तमानपत्रावर पडत होत्या आणि आम्ही चौघं, ठेवणीतल्या कपड्यांत, वाकून त्या बघत प्रत्येक खेपेला "शाब्बास मोत्या" म्हणत होतो. मग कोळशाचं औषध, मग पायात सुई आणि सलाईन. मूत्रपिंडांमधून पाणी वाहतं ठेवायचं, हाच मुख्य उपचार. रक्तातलं क्रिएटिनिन रोज तपासायचं, तीन दिवस.

नाताळच्या दिवशी आमच्याकडे पाहुणे आले ते ओटा ओलांडून थेट "कसा आहे?" विचारत. शेजारच्या काकूंनी मोत्यासाठी मऊ भात पाठवला. आजीने बाळ येशूची मूर्ती गव्हाणीत ठेवली तेव्हा मनी जरा बाजूला सरकली, उठली नाही.

पहिला रिपोर्ट चांगला आला, दुसराही. सत्तावीस तारखेला तिसरा आला आणि डॉक्टरांनी पायातली सुई काढली. क्रिएटिनिन तिन्ही दिवस जागच्या जागी होतं. मोत्या घरी आला आणि पहिलं काय केलं, तर मागच्या खोलीत जाऊन बाकड्याखाली हुंगून आला. डबा तिथे नव्हता. तो आता लोखंडी कपाटात चॉकलेटांच्या शेजारी असतो.

एक जानेवारीसाठी आजीने नवा केक केला. मनुकांऐवजी राजेळी केळ्यांची सुकेळी बारीक चिरून घातली, आणि आम्हा सगळ्यांना हा जास्त आवडला. बाबांनी भिंतीवरच्या कालनिर्णयावर नियम लावला: ज्याने मोत्याला जेवण घातलं त्याने त्या दिवसाच्या चौकोनात, दुधाच्या खुणेशेजारी, 'मो' लिहायचं. एक जानेवारीच्या चौकोनात सकाळचा एक 'मो' आहे आणि संध्याकाळचे तीन, वेगवेगळ्या अक्षरांत. त्या दिवशी मोत्या रात्री तीनदा जेवला.