हार्ट अटॅकमागे जंतू?

अल्सर टेन्शनमुळे आणि तिखट खाल्ल्याने होतो, असं पूर्वी डॉक्टरही सांगायचे. मग १९८४ साली ऑस्ट्रेलियात पर्थच्या बॅरी मार्शलने हेलिकोबॅक्टर नावाचे जंतू चक्क पिऊन टाकले आणि स्वतःच्या जठराला सूज आणून दाखवली! अल्सर अँटिबायोटिकने बरा होतो हे पुढे सिद्ध झालं, आणि २००५ मध्ये मार्शल आणि रॉबिन वॉरनना नोबेल मिळालं.

साहजिकच प्रश्न आला, हृदयविकाराचंही असंच असेल तर?

संशयित तयारच होता. क्लॅमिडिया न्यूमोनिए, म्हणजे खोकला आणि न्यूमोनिया देणारा एक जंतू. १९८८ मध्ये फिनलंडच्या पेक्का साइक्कूंना दिसलं की हृदयरुग्णांच्या रक्तात या जंतूविरुद्धच्या अँटिबॉडीज जास्त सापडतात. १९९२ मध्ये तर दक्षिण आफ्रिकेतल्या मृतांच्या हृदयाच्या धमन्यांत, चरबीच्या थरातच जंतू सापडला. १९९७ मध्ये लंडन आणि अर्जेंटिनातल्या दोन छोट्या चाचण्यांत अँटिबायोटिक घेणाऱ्यांना फायदा झालासा वाटला. झालं, आता हृदयविकारही गोळीने बरा होणार!

पण मोठ्या चाचण्यांत फुगा फुटला. २००३ मध्ये साडेसात हजारांहून जास्त रुग्ण, २००५ च्या दोन चाचण्यांत प्रत्येकी चार हजारांवर. एकीत तर वर्षभर दर आठवड्याला अ‍ॅझिथ्रोमायसिन दिलं. फायदा शून्य. २००६ मध्ये डेन्मार्कमधून आणखी वाईट बातमी आली. फक्त दोन आठवडे क्लॅरिथ्रोमायसिन घेतलेल्या हृदयरुग्णांत मृत्यू जास्त निघाले.

आपल्या धंद्यात हे रोजचंच आहे. सर्व्हर पडला तेव्हा लॉगमध्ये ज्याचं नाव दिसतं, त्यानेच तो पाडला असं नसतं. जंतू जागेवर सापडला हे खरं, पण तो आग लावणारा की आग बघायला आलेला, हे त्यावरून कसं कळणार?

अर्थात फाइल बंद झालेली नाही. आजार जुना झाल्यावर औषध चाललं नाही, म्हणून सुरुवातीलाही जंतूचा हात नव्हता असं सिद्ध होत नाही. २०१७ मध्ये कॅन्टोस चाचणीत कोलेस्टेरॉलला हात न लावता नुसता दाह कमी केला, तरी अटॅक घटले. त्यामुळे धमनीतल्या दाहावर शिक्कामोर्तब झालं. तो दाह कशाकशाने पेटतो, यावर शोध चालू आहे आणि तोंडातले जंतूही संशयितांच्या यादीत आहेत.

मार्शलची गोष्ट आपण सगळ्यांना सांगतो, कारण तो जिंकला. पण सुंदर कल्पना हजारो रुग्णांवर तपासून ‘नाही चालली’ असं छापणाऱ्यांनीही तितकंच मोठं काम केलं. नाहीतर आज लाखो हृदयरुग्ण उगाच अँटिबायोटिक गिळत बसले असते.